एवढ्याशा जिवाचं ऑपरेशन

प्रिय मुली,

तुझ्या कुत्र्याच्या पिल्लाचे रिपोर्ट वाचले. "एवढ्याशा जिवाला भूल झेपेल का?" हा तुझा प्रश्न रास्त आहे, पण तो नंतरचा. आधी शंट (यकृताला टाळून रक्त नेणारी शीर) खरंच आहे का, आणि कुठे आहे, ते कळू दे. उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी बघितलेलं बाइल अ‍ॅसिड (पित्तातलं आम्ल) रक्तात वाढलेलं आहे, यावरून यकृतात काहीतरी बिनसलंय एवढंच कळतं. यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत जन्मजात दोष असला तरी हे आकडे चढतात, आणि त्यावर ऑपरेशन नसतं. म्हणून सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) करून घे. लहान जातींत बहुतेकदा यकृताबाहेर एकच वाट चुकलेली शीर असते आणि आतड्यातलं रक्त यकृताला वळसा घालून पुढे जातं. तसं निघालं, तर पिल्लाच्या वयाकडे बघता माझा कल ऑपरेशनकडे आहे. नुसत्या औषधांपेक्षा ऑपरेशन झालेली कुत्री साधारणपणे जास्त जगतात.

पण लगेच नाही. जेवल्यावर तो भिंतीला डोकं लावून उभा राहतो, लाळ गाळतो, हाकेला ओ देत नाही, ही मुख्यतः यकृतात साफ न होता रक्तात साठलेल्या अमोनियाची करणी. लॅक्ट्युलोज (शी मऊ करून अमोनिया कमी करणारं औषध), अँटिबायोटिक आणि बदललेला आहार यांवर काही आठवडे त्याला सावरू दे. शी मऊ आणि दिवसातून दोन-तीनदा व्हावी, इतपत लॅक्ट्युलोज. पाण्यासारखी झाली तर डोस जास्त होतोय, डॉक्टरांना फोन कर. आणि कुणाच्या सांगण्यावरून प्रथिनं बंद करू नकोस. वाढत्या पिल्लाला ती लागतातच, फक्त कोणती आणि किती ते डॉक्टर ठरवतील.

"वजन वाढू दे, मग बघू" असंही कुणी म्हणेल. औषधांनी थोडं वाढेल, तेवढं थांबावं. मात्र वाढ खुंटणं हाच या आजाराचा भाग आहे, तेव्हा भावंडांएवढा होईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही.

आता सर्जनशी बोलताना. शीर एकदम बांधली तर आतड्याकडच्या शिरांमध्ये दाब धोकादायक वाढू शकतो, म्हणून ती बहुधा हळूहळू बंद करतात. एक मार्ग म्हणजे शिरेभोवती अमेरॉइड रिंग बसवणं: तिच्यातलं केसीन (दुधातलं प्रथिन) ओलावा शोषून फुगतं आणि शीर आवळत जातं. दुसरा, सेलोफेनची पट्टी गुंडाळणं: तिच्याभोवती व्रणाची ऊती धरते आणि शीर बंद होत जाते. अगदी छोट्या कुत्र्यात रिंगच्या भाराने नाजूक शीर मुडपू शकते. "याच्या आकाराला काय वापराल आणि का?" असं सरळ विचार. या आजारात होतात तसे मूत्राशयात खडे असतील तर त्याच भुलेत काढता येतील का, हेही.

भुलेत अंग गार पडणं आणि साखर उतरणं हे छोट्या जिवाचे नेहमीचे धोके, पण तयारीची टीम ते सांभाळते. मला जास्त धास्ती वाटते ती नंतरच्या फिट्सची. विशेषतः पहिल्या तीन-चार दिवसांत त्या येऊ शकतात, अमोनिया नॉर्मल असतानाही, आणि आल्या तर आवरायला कठीण. म्हणून रात्री दोन वाजता वॉर्डात डॉक्टर असतात की नुसता फोन नंबर, हे विचारल्याशिवाय तारीख घेऊ नकोस. माझ्या लेखी हा प्रश्न वजनापेक्षा मोठा आहे.

खर्च झेपत नसेल तर तसं स्पष्ट सांग. औषधांवर बरीच कुत्री बऱ्यापैकी जगतात, आणि तो पर्याय निवडला म्हणून तू निर्दयी ठरत नाहीस.

सीटी झाल्यावर रिपोर्टच्या कागदाबरोबर सगळ्या प्रतिमाही मागून घे. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं ठरलं तर त्या लागतील.