लस शोधायला आधी एमबीबीएस लागतं का?

प्रश्न : मुलगी दोनदा नीटला बसली, पण एमबीबीएसला नंबर लागला नाही. कोविशील्डमागच्या सारा गिल्बर्ट यांच्यासारखं लस संशोधन करायचं म्हणते. त्यासाठी आधी डॉक्टर व्हायला हवं, म्हणून तिसऱ्यांदा रिपीट करायला लावलंय. हल्ली ती फारशी बोलत नाही. चांगला क्लास सुचवाल का?
– एक पालक, सांगली

उत्तर : क्लास सुचवणार नाही. ‘हल्ली ती फारशी बोलत नाही’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला मात्र पत्रात तेवढंच महत्त्वाचं वाटलं. बरोबरच्या मैत्रिणी कॉलेजात रमल्यात आणि ही घरात बसून तेच एमसीक्यू तिसऱ्यांदा सोडवतेय. वर तिच्याच आवडीचा धाक : लस करायचीय ना, मग हो डॉक्टर! स्पष्ट सांगतो, हट्ट तुमचा आहे, तिच्या नावावर खपवू नका.

मुळात गिल्बर्ट एमबीबीएसवाल्या डॉक्टर नाहीतच. पदवी जीवशास्त्राची, पीएचडी यीस्टवर, सुरुवातीची एक नोकरी तर बिअरशी संबंधित संशोधन संस्थेत. 1994मध्ये ऑक्सफर्डला आल्या त्या मलेरियाच्या कामासाठी. जानेवारी 2020मध्ये कोरोनाचा जनुकीय क्रम जाहीर झाला, 23 एप्रिलला पहिल्या स्वयंसेवकाला लस टोचली आणि 30 डिसेंबरला ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली. हे जमलं, कारण चिंपांझीच्या सर्दीचा निरुपद्रवी केलेला विषाणू दुसऱ्या विषाणूचं जनुक शरीरात नेणारा वाहक म्हणून वापरायचं तंत्र हाताशी होतं; मर्स या दुसऱ्या कोरोना विषाणूच्या आजारावरच्या लशीसाठी ते वापरून झालं होतं. डॉक्टर लागतातच, माणसांवरच्या चाचण्यांची धुरा अँड्र्यू पोलार्ड या बालरोगतज्ज्ञाकडे होती. पण लशीची रचना आणि पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये झालं तसं उत्पादन, ही कामं मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, फार्मसी, केमिकल इंजिनीअरिंगवाल्यांचीही आहेत.

रस्ता सरळ आहे : बीएस्सी, एमएस्सी, नेट ही पात्रता परीक्षा, पीएचडी, किंवा आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा.

तिला विचारायचंच तर हे विचारा : एकच प्रयोग महिनाभर फसत राहिला तर चिकाटी टिकेल का? पीएचडी करताना खुद्द गिल्बर्टच विज्ञान सोडायच्या विचारात होत्या. याचं उत्तर नीटच्या मार्कांत नाही मिळणार, बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला मिळेल. आणि ती ‘नको’ म्हणाली तर तेही ऐकून घ्या. पण त्याआधी तिला चार दिवस पुस्तकांपासून सुट्टी द्या. तरीही गप्पच राहिली, तर क्लासऐवजी समुपदेशकाची वेळ घ्या.