रविवारी रँक येते आणि घर गप्प होतं

“मॅडम, टेस्टची रँक आली की पोरगी दोन दिवस धड जेवत नाही. मोबाइल काढून घेऊ का?” लातुरात नीटची तयारी करणाऱ्या मुलांचे आईवडील हे विचारल्याशिवाय उठतच नाहीत. काढून घेऊ नका. टेस्ट, सोल्यूशन, डाउटचा ग्रुप, सगळं त्यातच असतं.

अशाच एका मुलीची (तपशील बदलले आहेत) इन्स्टाची बायो होती ‘फ्युचर डॉक्टर, ६५०+’.

“स्वतःबद्दल सांग.”

“रिपीटर आहे. मागच्या टेस्टला रँक ३४०, आता ११२०.”

नाव नाही, गाव नाही. दोन्ही निकाल तिला शेजारी-शेजारी ठेवायला लावले. गुण दोन्हीकडे ५१२! दुसऱ्या टेस्टला क्लासच्या इतर शाखाही बसल्या होत्या. पेपरची काठिण्यपातळी थोडी इकडेतिकडे धरली, तरी रँक घसरली ती गर्दीमुळे.

“मग आठवड्यात तू किती बदललीस?”

बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत राहिली. “मी तेवढीच आहे मॅडम. पोरं वाढली.”

हे तिचं तिला सुचलं, म्हणून टिकलं. समुपदेशनात मी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनच्या वाटेने जाणारी. ‘मी कोण’ हे आजमावून बघणं हेच या वयाचं मुख्य काम, असं तो मानतो. काही मुलं न आजमावताच दुसऱ्याने दिलेली ओळख पत्करतात, हे जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली मांडलं. पूर्वी ती ओळख घरचे द्यायचे, आता अ‍ॅप दर रविवारी नवी देतं.

अ‍ॅपचं नोटिफिकेशन बंद करा. रँकच्या आधी चुकलेले प्रश्न उघडायचे आणि वहीत तीन रकाने करायचे: येत नव्हतं, चुकीचं वाचलं, अंदाजाने ठोकलं. तिचे १३५ बरोबर, २८ चूक, १७ सोडलेले. चुकांपैकी ९ निव्वळ घाईत वाचलेले. चुकलं की ४ गुण बुडतात, वर १ कापला जातो. म्हणजे तिथेच ४५ गुण गेले. यावर काम करता येतं, ११२० वर काय करणार?

आईने “रँक किती?” ऐवजी “आज कुठे अडलीस?” विचारायचं. नातेवाइकांच्या ग्रुपवर निकाल टाकणं बंद, मामांनी कितीही विचारलं तरी. बायो खोडायला लावू नका; दहावीआधीचं काहीतरी त्यात घालायला सांगा. हिने ‘कबड्डी, राइट कॉर्नर’ घातलं.

झोप उडाली किंवा “मी नसले तर बरं” असं बोलणं आलं, तर पुढच्या टेस्टची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.