लेक कोमोवर आई-बाबांसाठी खासगी बोट घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा की, मुक्काम मिलानमध्ये आहे, जूनमध्ये सत्तरीतल्या आई-बाबांना घेऊन एक दिवस लेक कोमोला जायचंय, तर खासगी बोटीवर चारशे-पाचशे युरो घालावेत की सरकारी फेरीबोटीनेच फिरावं? माझं मत स्पष्ट आहे. बोट घ्या. पण दोनच तास घ्या, सकाळी घ्या, आणि कोमो शहरातून न घेता सरोवराच्या मध्यावर जाऊन घ्या. उरलेला दिवस फेरीबोटीने फिरा.

मी मिलानमध्ये राहते, आणि पुण्याहून घरचं कुणी आलं की कोमोची फेरी ठरलेलीच असते. त्यामुळे वयस्क माणसांना तिथे काय झेपतं, कुठे दम लागतो आणि कुठे चेहरे खुलतात, हे बऱ्यापैकी माहीत झालंय.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. इंग्रजी वाय उलटा ठेवावा तसं हे सरोवर आहे. खालच्या डाव्या टोकाला कोमो शहर, उजव्या टोकाला लेक्को, वर उत्तरेला कोलिको. तिन्ही फाटे जिथे भेटतात तिथे जमिनीच्या टोकावर बेलाजिओ, पूर्वेच्या काठावर वारेन्ना, पश्चिमेच्या काठावर मेनाज्जो, कादेनाब्बिया, त्रेमेझ्झो आणि लेन्नो. क्षेत्रफळ १४६ चौरस किलोमीटर आणि खोली चारशे मीटरच्या वर, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात खोल सरोवरांपैकी एक. एवढं मोठं सरोवर दोन तासांत अख्खं बघून होत नाही. कोमो शहरातून खासगी बोट घेतली तर मध्यापर्यंत पोचायला आणि परत यायलाच बराचसा वेळ जातो, आणि मोजता तुम्ही ताशी पैसे. वाटेत बघण्यासारखं नाही असं अजिबात नाही. चेर्नोब्बिओचा विला देस्ते १५६८ चा आहे आणि १८७३ पासून तिथे हॉटेल चालतं. लाल्यो गावात हॉलिवूडचा अभिनेता जॉर्ज क्लूनीचं घर आहे. नेस्सोला डोंगराच्या खिंडीतून धबधबा थेट सरोवरात उतरतो आणि त्यावर जुना दगडी पूल आहे. पण एकच दिवस हाताशी असेल तर मध्यावरच्या चार-पाच जागा जास्त मोलाच्या आहेत, आणि त्या एकमेकींना अगदी लागून आहेत.

आता बोट कशासाठी घ्यायची, ते सांगते. इथले मोठे विला बांधले गेले तेव्हा काठाचा रस्ता अरुंद आणि खडतर होता. पाहुणे पाण्यावरूनच यायचे. म्हणून या घरांचं महाद्वार, पायऱ्या, पुतळे, कापून सजवलेली झाडं, सगळं पाण्याकडे तोंड करून आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात त्या उंच भिंती आणि बंद फाटकं. बसने किंवा गाडीने पश्चिमेच्या काठावरून गेलात तर या घरांची पाठ बघून परत याल. फेरीबोटीतून दर्शनी बाजू दिसते, पण लांबून, कारण ती धक्क्याकडून धक्क्याकडे सरळ जाते. छोटी बोट भिंतीच्या कडेकडेने सावकाश नेता येते, हवी तिथे इंजिन बंद करून थांबवता येते. पैसे मोजायचे ते या थांबण्यासाठी.

सकाळी का, तर वाऱ्यामुळे. या सरोवरावर दोन वारे रोजचे आहेत आणि दोघांनाही नावं आहेत. पहाटेपासून उत्तरेकडून डोंगरावरून उतरतो तो तिवानो. दुपारच्या सुमारास दक्षिणेकडून सुरू होतो तो ब्रेव्हा, आणि हवा चांगली असली की हा संध्याकाळपर्यंत वाहतो. शिडाच्या बोटीवाले ब्रेव्हाचीच वाट बघत असतात. छोट्या बोटीत बसलेल्या सत्तरीच्या माणसाला मात्र त्याने उठवलेल्या लाटा कंबरेत जाणवतात. नऊ ते अकरा या वेळात पाणी बहुधा शांत मिळतं. दुसरं कारण उन्हाचं. बघायचे बरेचसे विला पश्चिम काठावर आहेत, म्हणजे त्यांची तोंडं पूर्वेला. सकाळचं ऊन त्यांच्या अंगावर पडतं. दुपारनंतर तेच काठ डोंगराच्या सावलीकडे सरकू लागतात आणि समोरचं वारेन्ना उजळतं. त्यामुळे सकाळी पाण्यावर आणि दुपारी वारेन्नात, असा दिवस लावावा.

मिलानो चेंत्राले या मिलानच्या मुख्य स्टेशनवरून तिरानोकडे जाणारी गाडी पकडा, वारेन्ना साधारण तासाभरात येतं. जाताना डावीकडे बसा, लेक्को सुटलं की सरोवर त्याच बाजूला दिसत राहतं. स्टेशनपासून धक्का पायी दहा-पंधरा मिनिटं, जाताना उतार, येताना चढ. बोटवाल्याला आधीच कळवून ठेवलं तर तो वारेन्नाच्या धक्क्यावरूनच घेतो.

तिथून मी सुचवेन तो मार्ग असा: आधी बेलाजिओचं टोक वळसा घालून, विला मेल्झीच्या बागेसमोरून. मग पाणी ओलांडून त्रेमेझ्झोला विला कार्लोत्तासमोर. हे घर मूळचं मिलानच्या क्लेरिची घराण्याचं, नाव मात्र नंतर प्रशियाच्या राजकन्येवरून पडलं. इथले अझेलिया एप्रिल-मेमध्ये फुलतात, तुम्ही जूनमध्ये येताय तेव्हा तो बहर संपलेला असेल, म्हणून आत जाण्याचा आग्रह धरू नका. पाण्यावरून दिसणाऱ्या दुहेरी पायऱ्या पुरेशा आहेत. तिथून दक्षिणेला लेन्नोचं लावेदो नावाचं जंगलाने भरलेलं टोक, आणि त्यावर विला देल बाल्बियानेल्लो.

इथे घाई करू नका. बोटवाल्याला टोकाच्या दोन्ही बाजूंनी न्यायला सांगा. आधी इथे फ्रान्सिस्कन संन्याशांचा छोटा मठ होता, त्याच्या चर्चचे दोन जुळे मनोरे अजून उभे आहेत. १८ व्या शतकाच्या अखेरीस कार्डिनल दुरिनी यांनी त्याचं हे विसाव्याचं घर केलं. माथ्यावर आरपार दिसणारा कमानींचा मंडप आहे, ज्यातून एका बाजूला त्रेमेझ्झोचं पाणी दिसतं आणि दुसऱ्या बाजूला कोमाचिना बेट. त्याच्या खांबांवर चढलेली वेल माळी इतकी नेमकी कापतात की ती दगडात कोरल्यासारखी दिसते. शेजारचा ओकचा मोठा वृक्षही छत्रीसारखा छाटून ठेवलाय, खालून सरोवर दिसत राहावं म्हणून.

आई-बाबांना हे घर बहुतेक फोटोतून माहीत असेल. नोव्हेंबर २०१८ मध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं लग्न इथेच झालं. पण मला त्यांना आवर्जून सांगावीशी वाटते ती शेवटच्या मालकाची गोष्ट. गुइदो मोन्झिनो हा मिलानचा श्रीमंत व्यापारी आणि मोठा गिर्यारोहक. तो १९७१ मध्ये उत्तर ध्रुवावर गेला आणि १९७३ मध्ये एव्हरेस्टवरच्या पहिल्या इटालियन मोहिमेचं नेतृत्व त्याने केलं. १९८८ मध्ये वारला तेव्हा घर, बाग आणि आपल्या मोहिमांच्या वस्तूंचा संग्रह त्याने एफएआय या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकला. म्हणून आज तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं. तुमच्या घरात सह्याद्रीत भटकलेलं कुणी असेल तर त्या संग्रहातली ध्रुवावरची घसरगाडी बघून त्याचा पाय निघणार नाही. आत जायचं ठरवलंत तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: सोमवारी आणि बुधवारी विला बंद असतो, आणि बागेत चढ-पायऱ्या आहेत. आईंचे गुडघे दुखत असतील तर घर पाण्यावरूनच बघा. त्यात काही कमीपणा नाही, हे घर पाण्यावरून बघण्यासाठीच बांधलंय.

तिथून जवळच कोमाचिना, या सरोवरातलं एकमेव बेट. मध्ययुगात इथे भरभराटीचं गाव होतं. त्याने मिलानची बाजू घेतली म्हणून ११६९ मध्ये कोमोच्या सैन्याने ते उद्ध्वस्त केलं, आणि चर्चचे अवशेष तेवढे उरले. तुमची तारीख सेंट जॉनच्या सणाच्या, म्हणजे २४ जूनच्या, जवळच्या शनिवार-रविवारी येत असेल तर एकदा चौकशी करा. त्या सुमारास इथे पाण्यावर दिवे सोडतात आणि बेटावर आतषबाजी होते. ती बघायला शेकडो होड्या जमतात, त्यामुळे त्या दिवशीची खासगी बोट फार आधी ठरवावी लागते.

परत येताना बोटवाल्याला बेलाजिओला उतरवायला सांगा. काठाची सपाट वाट आहे, तिथे आई-बाबांना आरामात चालता येईल. वरच्या दगडी पायऱ्यांच्या गल्ल्या फोटोत सुंदर दिसतात, पण वयस्कांसाठी त्या कठीण आहेत आणि भर दुपारी गर्दीने भरलेल्या असतात. जेवून फेरीबोटीने वारेन्नाला या, पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि तिकीट पाच-सहा युरोंचं. वारेन्नात विला मोनास्तेरोची बाग पाण्याच्या कडेने लांबच लांब पसरलीय, बसायला बाकं भरपूर. याच विलात १९५३ पासून भौतिकशास्त्रज्ञांच्या उन्हाळी शाळा भरतात आणि एन्रिको फर्मींनी १९५४ मध्ये इथे व्याख्यानं दिली होती. बाबा विज्ञानाचे शिक्षक होते असं तुम्ही लिहिलंय, त्यांना ही जागा बेलाजिओपेक्षा जास्त आवडेल अशी माझी खात्री आहे.

आता बोट ठरवताना काय विचारायचं. चमकदार लाकडी बोटी फार देखण्या असतात, पण आई-बाबांसाठी मी लाकडी की फायबरची यापेक्षा वर छत आहे का हे आधी विचारेन. जूनचं ऊन पाण्यावरून परतून डोळ्यांत आणि चेहऱ्यावर येतं. दुसरं, चढता-उतरताना पायरी किती उंच आहे आणि हात धरायला कुणी असतं का. धक्का आणि बोट यांच्यातली फट रुंद नसते, पण बोट हलत असते, आणि तिथेच म्हातारी माणसं घाबरतात. दोघांना बोटवाल्याचा हात धरून एकेक करून उतरू द्या, मागून घाई नको. तिसरं, लहान बोटींत बहुधा शौचालय नसतं, म्हणून दोन तासांपेक्षा जास्त घेऊ नका आणि निघण्याआधी स्टेशनवर किंवा कॅफेत जाऊन या. लाकडी बोटीवर चपला काढायला सांगतात, तेव्हा सहज निघतील अशा घालाव्यात.

भाव हंगामाप्रमाणे आणि बोटीप्रमाणे बदलतो. चालकासह साधारण ताशी दीडशे ते तीनशे युरो सांगतात, आणि हा भाव बोटीचा असतो, माणशी नव्हे. तुम्ही चौघं आहात, त्यामुळे माणशी हिशोब फार जड जात नाही. इंधन धरलंय का, वारेन्नाहून घ्यायचे वेगळे पैसे आहेत का, आणि हवा बिघडली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे तिन्ही मुद्दे लेखी विचारून घ्या. आल्प्सच्या पायथ्याशी उन्हाळ्यात अचानक वादळी पाऊस येतो, हा शेवटचा मुद्दा नुसता औपचारिक नाही.

परवान्याशिवाय स्वतः चालवायची बोटही मिळते, चाळीस अश्वशक्तीपर्यंतची. ती स्वस्त पडते आणि तरुण मंडळींना मजा येते. पण आई-बाबा बरोबर असताना मी ती घेऊ देणार नाही. मोठ्या फेरीबोटी मध्यावर सतत ये-जा करतात, त्यांच्या लाटा आडव्या घेतल्या तर बोट जोरात डोलते, आणि धक्क्याला लावणं नवख्याला जमत नाही. शिवाय सगळं लक्ष सुकाणूवर राहिलं तर आई-बाबांचे चेहरे तुम्ही बघणार कधी?

जेवणाचं एक सांगते. मासे खात असाल तर मिसोल्तीनी मागवा. आगोने नावाचा सरोवरातला मासा मीठ लावून उन्हात वाळवतात, डब्यात दाबून ठेवतात आणि मग भाजून पोलेंताबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीबरोबर देतात. कोकणातल्या माणसाला पहिल्याच घासाला ओळखीची चव लागते. पहिल्यांदाच वाळलेला मासा खाणाऱ्याने मात्र पर्सिको माशाचा रिसोत्तो, म्हणजे मऊसर इटालियन भात, घ्यावा, तो सौम्य असतो. शाकाहारी मंडळींसाठी पिझ्झोक्केरी बघा, कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, कोबी, बटाटा आणि भरपूर चीज. पोटाला जड आहे, तेव्हा दोघांत एक पुरतो.