वाचकांचे प्रश्न : लग्नावाचून न अडलेल्या नायिका

प्रश्न : ऑस्टिन, ब्राँटे भगिनी आणि व्हर्जिनिया वुल्फ यांच्याखेरीज, स्वतंत्र बाण्याच्या नायिका रंगवणारी एखादी ब्रिटिश कादंबरीकार सुचवाल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : विनिफ्रेड होल्टबी यांच्या कादंबऱ्या जरूर वाचा. १८९८ मध्ये यॉर्कशायरमधील रडस्टन येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या होल्टबी १९३५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, मूत्रपिंडाच्या विकाराने वारल्या आणि त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी ‘साउथ रायडिंग’ त्यांच्या पश्चात १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे आठ भाग शिक्षण, रस्ते व पूल, सार्वजनिक आरोग्य अशा काउंटी कौन्सिलच्या (म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या) समित्यांच्या नावांनी ओळखले जातात. होल्टबींच्या आई अशाच कौन्सिलवर होत्या, त्यामुळे या कारभाराचे बारकावे लेखिकेला घरातूनच मिळाले होते.

नायिका सारा बर्टन ही लोहाराची मुलगी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन येते. त्या काळी अनेक ठिकाणी लग्न होताच शिक्षिकेला नोकरी सोडावी लागे, हे ध्यानात ठेवून तिच्याकडे पाहिले पाहिजे. ती प्रेमातही पडते, तेही स्वतःच्या मतांना कडाडून विरोध करणाऱ्या जमीनदाराच्या. पण त्याच्या मृत्यूने खचूनही ती शाळा सोडत नाही.

मला मात्र साराइतकीच तिची विद्यार्थिनी लिडिया हॉली मोलाची वाटते. जुन्या रेल्वेच्या डब्यात संसार थाटलेल्या गरीब कुटुंबातली ही मुलगी त्याच डब्याच्या टपावर बसून शेक्सपिअर वाचते, शिष्यवृत्तीवर शिकू लागते, आणि बाळंतपणात आई दगावताच धाकट्या भावंडांसाठी तिला शाळा सोडावी लागते. तिचे शिक्षण पुन्हा सुरू होण्याची वाट मोकळी होते ती वडील दुसरे लग्न करतात म्हणून, म्हणजे घर सांभाळायला दुसरी बाई आल्यावर. मुलगी कितीही हुशार असली तरी घरची भाकरी कोण थापणार याचे उत्तर मिळाल्याखेरीज तिचे स्वातंत्र्य कागदावरच राहते, हे इतक्या रोखठोकपणे सांगणाऱ्या कादंबऱ्या थोड्याच आहेत.

‘साउथ रायडिंग’मध्ये पात्रांची गर्दी फार आहे. तेव्हा आधी १९२४ ची ‘द क्राउडेड स्ट्रीट’ वाचलेली बरी : लग्नाची वाट पाहत गावात कुढणारी म्युरिएल हॅमंड लंडनला जाऊन कामाला लागते आणि पूर्वी जिवापाड हव्या असलेल्या पुरुषाने मागणी घातल्यावर त्याला नकार देते.