ड्रायव्हरच नाही, मग पदर अडकला तर बघणार कोण?

प्रश्न : ताई, आता मेट्रो म्हणे ड्रायव्हरशिवाय धावणार. माझी आई 68 वर्षांची, रोज साडी, ती म्हणते मी नाही बसणार बाई असल्या गाडीत, दारात पदर अडकला तर बघणार कोण? काय सांगू तिला? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आईंची भीती उगाच नाहीये हो. डिसेंबर 2023 मध्ये दिल्लीत इंद्रलोक स्टेशनवर नेमकं हेच झालं, कपडा दारात अडकला, गाडी सुटली आणि त्या बाई गेल्या. पण ती गाडी ड्रायव्हरवालीच होती! मधे हात किंवा बॅग आली की सेन्सरला कळतं आणि दार परत उघडतं, पातळ पदर मात्र कधीकधी त्याच्या नजरेतून निसटतो, आणि पार पुढे बसलेल्या माणसाला मागच्या डब्यातला पदर दिसणार तरी कसा.

म्हणून ड्रायव्हर आहे का ते सोडा, प्लॅटफॉर्मला काचेची दारं आहेत का ते बघा. मुंबईत मेट्रो 3 ला आहेत. ती दारं नीट लागल्याशिवाय गाडीला हलायची परवानगीच मिळत नाही, आणि माणूस रुळावर पडायचा प्रश्न येत नाही.

बाकी ड्रायव्हरशिवाय गाडी काही नवीन नाही, जपानमध्ये कोबेला 1981 पासून चालू आहे, दुबईत 2009 पासून, दिल्लीची मॅजेंटा लाइन डिसेंबर 2020 पासून. आणि खरं सांगू का, ड्रायव्हर असलेल्या बऱ्याच मेट्रोंतही गाडी पळवणं-थांबवणं कॉम्प्युटरच करतो, माणूस मुख्यतः दारं सांभाळतो. (तुमच्या डोंबिवली लोकलचं एवढ्यात काही होत नाही, उघडी दारं, रुळ ओलांडणारी माणसं, त्याच रुळांवरून मेल गाड्या, तिथे मोटरमनच पाहिजे.)

मला वैताग आहे तो वेगळाच. ट्रेन येते मिनिटात आणि खाली उतरलं की बसची वाट बघत अर्धा तास उभं! सगळीकडे चालेल असं एकच कार्ड 2019 लाच आलं, तरी माझ्या पर्समध्ये अजून तीन कार्डं आहेत, गेटवर नेमकं चुकीचं हातात येतं आणि मागचे लोक च्यक् च्यक् करतात. ट्रेन उशिरा आली तर बस दोन मिनिटं थांबेल, एवढं जोडलं तरी मी खूश.

आईंना म्हणावं पदर खोचून घ्या, दारं लागायचा बीप वाजला की धावायचं नाही, पुढची गाडी येतेच. आणि डब्यात दाराजवळ इमर्जन्सी बटण असतं, त्यावरून थेट बोलता येतं, पहिल्या खेपेला तुम्ही सोबत जा आणि ते कुठे आहे ते दाखवून ठेवा.