नोंदणीआधी मैत्रिणीची सही

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीने अभ्यासाचे वेळापत्रक आखून देणारे ॲप एकटीने तयार केले आहे आणि कॉपीराइटची नोंदणी न करता ते प्रसिद्ध केले तर कोणीही ते उचलेल, अशी धास्ती आपल्या पत्रात दिसते. नोंदणी नसली म्हणून हक्क बुडत नाही. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १९०८ च्या सुधारणेपासून हा हक्क कोणत्याही औपचारिकतेवर अवलंबून राहिलेला नाही, आणि बौद्धिक संपदेच्या व्यापारविषयक बाजूंवरच्या १९९४ च्या ट्रिप्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार संगणकीय प्रोग्रामला साहित्यकृतीसारखेच संरक्षण मिळते.

नोंदणीचे खरे काम पडते ते भांडण कोर्टात गेल्यावर. अमेरिकेत तर तिथल्या कृतींबाबत दावा लावण्यापूर्वी नोंदणी पूर्ण व्हावी लागते, नुसता अर्ज पुरत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. मोठ्या प्रोग्रामसाठी तिथे सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखित मजकुराची, पहिली २५ आणि शेवटची २५ पाने देतात व त्यातला गुपिताचा भाग झाकण्याची सोय आहे. मात्र ॲपमागची कल्पना नोंदणीनेही राखली जात नाही. कोणी ॲप पाहून स्वतःचा वेगळा कोड लिहिला, तर बहुधा हात चोळत बसावे लागते.

मला अधिक काळजी वाटली ती आपण ओघात लिहिलेल्या एका वाक्याची: ॲपमधले आयकॉन मुलीच्या मैत्रिणीने काढून दिले. लेखी हस्तांतरण नसेल, तर त्या चित्रांवरचा हक्क मैत्रिणीचाच राहतो, मग तिने ती कितीही आपुलकीने दिलेली असोत. तसेच मुलीने वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीची, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचाची, लायसन्सची (परवान्याची) फाइल उघडून वाचावी. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा कोड मिसळून ॲप वितरित केले, तर स्वतःचा कोडही त्याच अटींवर खुला करण्याची वेळ येते, आणि हे बहुतेकांना फार उशिरा कळते. गिटमधल्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनातल्या, तारीखवार नोंदी पुसू नयेत. कोड कोणी व केव्हा लिहिला, हे दाखवायला त्या उपयोगी पडतात. पुढे नोकरी लागली, तर फावल्या वेळातल्या कामाबद्दल करारात काय म्हटले आहे, हे सहीपूर्वी तपासावे.

माझे मत विचाराल तर पहिल्या आवृत्तीसाठी नोंदणीची घाई नको. ॲपला पैसे देणारे वापरकर्ते मिळू लागले की अवश्य करावी; नंतरच्या आवृत्तीत भर घातलेला कोड जुन्या नोंदणीत येत नाही, हेही तेव्हा ध्यानात ठेवावे. हस्तांतरणाच्या कागदावर मैत्रिणीची सही मात्र या आठवड्यातच घ्यावी, कारण ॲप कमावू लागल्यावर तीच सही मागणे दोघींनाही जड जाईल.