एकांत आणायचा कुठून?

प्रश्न : मी पुण्यात डिझाइनचं काम करते, वन रूम किचनमध्ये आम्ही पाच जण, दिवसभर लॅपटॉप आणि उरलेला वेळ मोबाईल, डोक्यात नवीन काही येतच नाही. काय करू?

उत्तर : अगं, आधी हे मनातून काढ की तुझं डोकं आटलंय, त्याला मोकळा वेळच मिळत नाहीये. इगतपुरीच्या धम्मगिरीला १० दिवसांचं विपश्यना शिबिर असतं ना, तिथे मोबाईल तर जमा करतातच पण वही-पेनसुद्धा चालत नाही. तुला एवढं लगेच नको. तुकोबा देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात जाऊन बसायचे, तो डोंगर तुझ्यापासून फार लांब नाही, एखाद्या रविवारी पहाटे जा, फोन घरीच ठेव, घरच्यांना सांगून जा म्हणजे काळजी करणार नाहीत. पहिला अर्धा तास हात सारखा खिशाकडे जाईल, जाऊ दे. मग इंद्रायणीकडून येणारा वारा जाणवायला लागतो, चाफ्याच्या पानावरची मुंगीसुद्धा दिसते, आणि अडलेलं काम आपोआप डोक्यात फिरायला लागतं. एरवी रोज संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे वीस मिनिटं बस, सोबत फक्त पेन्सिल आणि पाठकोरे कागद. आठवडाभर करून बघ आणि मला नक्की कळव.